कडा मोजताना आपण काय दोनदा मोजतो?

सहावीची नवी तुकडी आली की पहिल्याच आठवड्यात मी एक प्रश्न विचारतो : तुमच्या खाटेखाली जी लोखंडी ट्रंक आहे, तिला कडा किती? ट्रंक रोजच्या ओळखीची. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि रोल नंबर रंगवलेला. तरीही उत्तरे आठपासून सोळापर्यंत येतात. कोणी समोर उभे राहून जेवढ्या दिसतात तेवढ्याच, म्हणजे नऊ सांगतो; मागच्या तीन त्याच्या हिशेबातच नसतात. कोणी बोट लावून मोजायला लागतो, वरून खाली येतो, आणि सुरुवात कोणत्या कोपऱ्यापासून केली होती हेच विसरतो. बारा हे उत्तर देणारेही असतात, पण "बाराच कशावरून?" असे विचारले की त्यांतले बहुतेक पुन्हा बोट लावून मोजू लागतात.

बोट लावून मोजणे ट्रंकेपुरते चालते. फुटबॉलला चालत नाही. प्रवेश परीक्षेत तर कागदावर एक सपाट चित्र असते आणि बोट लावायला मागची बाजूच नसते. म्हणून या लेखात मोजण्याच्या दोन रीती आणि ती मोजणी तपासण्याचे एक सूत्र सांगणार आहे. ते सूत्र कोठे दगा देते तेही सांगणार आहे, कारण पाठ्यपुस्तकात ते क्वचितच सापडते.

आधी शब्द. आपण वर्गात गणित इंग्रजीत शिकतो, त्यामुळे घरी मराठीत शिकणाऱ्या धाकट्या भावंडाशी बोलताना अडचण होते. फेस म्हणजे पृष्ठ, एज म्हणजे कड (अनेक असतील तर कडा), व्हर्टेक्स म्हणजे शिरोबिंदू. ज्याची सर्व पृष्ठे सपाट आहेत अशा बंद घनाकृतीला बहुफलक म्हणतात. प्रिझमला मराठीत चिती म्हणतात आणि पिरॅमिडला सूची. चिती म्हणजे रचलेली वस्तू. इष्टिका म्हणजे वीट, म्हणून ट्रंकेच्या आकाराला पाठ्यपुस्तकात इष्टिकाचिती असे भारदस्त नाव आहे. सूची म्हणजे येथे यादी नव्हे, सुई. एका टोकाला निमुळती होत जाणारी ती सूची. लाडवाचा गोल डबा, आइस्क्रीमचा कोन आणि क्रिकेटचा चेंडू यांची पृष्ठे वळलेली असतात, म्हणून त्यांना आज बाहेर ठेवू.

आता पहिली रीत. ट्रंकेचे सहा पत्रे मनातल्या मनात सुटे करा आणि जमिनीवर मांडा. प्रत्येक पत्र्याला चार बाजू. सहा चोक चोवीस. पण ट्रंक बंद होती तेव्हा प्रत्येक कडेवर दोन पत्रे एकमेकांना भिडलेले होते. म्हणजे एकच कड दोन पत्र्यांच्या खात्यावर लिहिली गेली. चोवीसचे निम्मे बारा. झाले. बोट लावावे लागले नाही आणि मागे काय आहे ते वाकून पाहावेही लागले नाही.

शिरोबिंदूही याच रीतीने. सुट्या पत्र्यांना मिळून कोपरे चोवीस. ट्रंकेच्या प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन पत्र्यांचे तीन कोपरे एकत्र येतात. चोवीस भागिले तीन, आठ.

या रीतीचे सार एका प्रश्नात आहे : आपण काय किती वेळा मोजले? मुद्दाम दोनदा मोजायचे आणि मग निम्मे करायचे. एकदाच मोजण्याचा आटापिटा करण्यापेक्षा हे फार सोपे. शिवाय फुकटात एक तपासणीही मिळते. सर्व पृष्ठांच्या बाजूंची बेरीज नेहमी सम यायला हवी. विषम आली तर एखादे पृष्ठ सुटले किंवा एखाद्या पृष्ठाच्या बाजू चुकल्या. यावरूनच कळते की सात त्रिकोणांचा बंद आकार कधीच बनणार नाही, कारण सात त्रिक एकवीस, आणि एकवीसचे निम्मे होत नाही. पुठ्ठा कापण्याआधीच हे कळले, ही काय कमी सोय आहे?

कॅम्पमध्ये आपण उभारतो ती दोन उतारांची राहुटी घ्या. पुढे-मागे दोन त्रिकोण, डावी-उजवीकडे दोन उतरते आयत, आणि खाली जमिनीचा एक आयत. जमीन विसरणारे दर वर्षी निघतात; कापड तिथे नसले तरी पृष्ठ आहे. बाजूंची बेरीज : दोन त्रिकोणांच्या सहा, तीन आयतांच्या बारा, एकूण अठरा. कडा नऊ. प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन पृष्ठे, म्हणून शिरोबिंदू सहा. ही झाली त्रिकोणी चिती. टोक न काढलेली सहा बाजूंची पेन्सिल घ्या. दोन षटकोन, सहा आयत; बारा आणि चोवीस मिळून छत्तीस; कडा अठरा, शिरोबिंदू बारा.

चितीच्या तळाला न बाजू असतील तर हेच गणित एकदाच करून ठेवता येते. पृष्ठे न + २, कारण तळ आणि माथा दोन आणि उभी न. कडा ३न, कारण तळाच्या न, माथ्याच्या न, उभ्या न. शिरोबिंदू २न. सूचीला माथा नसतो, टोक असते : पृष्ठे न + १, शिरोबिंदूही न + १, कडा २न. सूचीत शिरोबिंदू मोजायला तीनने भागू नका. तळाच्या कोपऱ्यांपाशी तीन पृष्ठे येतात, पण टोकापाशी न येतात; सरसकट भागाकार तिथे लागू नाही.

परीक्षेत प्रश्न बहुधा उलटा येतो. एका चितीला ३० कडा आहेत, पृष्ठे किती? ३न = ३०, न = १०, पृष्ठे १२. एका सूचीला ३० कडा आहेत, पृष्ठे किती? २न = ३०, न = १५, पृष्ठे १६. आकडा तोच, उत्तर वेगळे. प्रश्नात चिती आहे की सूची हे घाईत वाचणाऱ्याचे गुण तिथेच जातात. आणि २० कडांची चिती? ती नसतेच, कारण २० ला तीनने भाग जात नाही. पर्यायांमध्ये "यांपैकी नाही" असे दिले असेल तर ते नेहमीच भरताड नसते.

आता सूत्राकडे. आतापर्यंतचे आकडे पाहा. ट्रंक : शिरोबिंदू ८, पृष्ठे ६, कडा १२. राहुटी : ६, ५, ९. पेन्सिल : १२, ८, १८. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्यापेक्षा प्रत्येक वेळी दोनने जास्त. शिरोबिंदूंना शि, पृष्ठांना पृ, कडांना क म्हटले तर

शि + पृ = क + २

हे ऑयलरचे सूत्र. लिओनहार्ड ऑयलर स्वित्झर्लंडचा, पण १७५० साली तो बर्लिनमध्ये होता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने क्रिस्टियान गोल्डबाख या मित्राला पत्र लिहून हा नियम कळवला आणि आपल्याला त्याची समाधानकारक सिद्धता अजून देता येत नाही हेही मोकळेपणाने लिहिले. पुढे त्याने एक सिद्धता दिली, ती १७५८ साली छापली गेली, पण तिच्यात फट राहिली होती. पक्की सिद्धता फ्रान्सच्या लजांद्र याने १७९४ साली दिली.

आपल्या शाळेच्या मुलांना ऑयलरची आणखी एक ओळख असायला हवी. इंग्लंडचा बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ साली तोफशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. गोळ्याचा वेग मोजण्याची रीत आणि हवेच्या रोधाचे मोजमाप त्यात होते. ऑयलरने १७४५ साली त्याचे जर्मन भाषांतर केले आणि त्याला मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी लांब टीपा जोडल्या. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनीयर म्हणून किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

ऑयलरच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याने कडेला नाव दिले. त्याच्या आधी दोन हजार वर्षे ग्रीकांपासून सगळे पृष्ठांबद्दल बोलत होते, कोपऱ्यांबद्दल बोलत होते. पण दोन पृष्ठे जिथे भिडतात ती रेषा स्वतंत्रपणे मोजण्याची वस्तू आहे, असे कोणी धरले नव्हते. ती या पृष्ठाची बाजू किंवा त्या पृष्ठाची बाजू, इतकेच.

याचा पुरावा रेने देकार्त. तत्त्वज्ञ म्हणून त्याचे नाव सर्वांना माहीत असते. तो १६१८ साली हॉलंडमध्ये मॉरिस ऑफ नासाऊच्या सैन्यात स्वयंसेवक म्हणून दाखल झाला होता हे फारसे कोणी सांगत नाही. त्याने बहुफलकांवर काही टिपणे केली होती. तो वारल्यावर त्याची कागदपत्रे पॅरिसला नेताना होडी सीन नदीत बुडाली. कागद बाहेर काढून वाळवावे लागले. पुढे १६७६ मध्ये लायब्निट्सने त्या टिपणांची नक्कल करून घेतली. मूळ कागद हरवले, आणि ती नक्कल थेट १८६० साली लायब्निट्सच्या कागदांत सापडली. तिच्यात देकार्त म्हणतो की सर्व पृष्ठांच्या कोनांची एकूण संख्या ही शिरोबिंदूंच्या दुपटीत पृष्ठांची दुप्पट मिळवून चार वजा केल्याइतकी असते. आता आपली ट्रंक आठवा. सुट्या पत्र्यांचे कोपरे चोवीस. आठाची दुप्पट सोळा, सहाची दुप्पट बारा, अठ्ठावीसमधून चार गेले चोवीस. बरोबर. आणि हे चोवीस म्हणजे कडांची दुप्पट! देकार्तने फक्त निम्मे केले असते तर ऑयलरचे सूत्र शंभराहून अधिक वर्षे आधी त्याच्या हातात पडले असते. निम्मे करायला त्याच्याकडे कड नावाची वस्तूच नव्हती.

सूत्र हाती आले की मुले निर्धास्त होतात. तिथेच मी थोडा धाक घालतो. सूत्र जुळले म्हणजे मोजणी बरोबर, असे नसते. राहुटीची पृष्ठे ६ आणि शिरोबिंदू ५ अशी कोणी अदलाबदल केली तर बेरीज तीच अकरा, कडा नऊ, सूत्र खूश. इतकेच नव्हे, ६ पृष्ठे, ५ शिरोबिंदू आणि ९ कडा असलेला एक खराखुरा आकार आहे : दोन त्रिकोणी सूची तळाला तळ लावून चिकटवा, तो मिळेल. सूत्राला राहुटी कोणती आणि हा आकार कोणता हे कळत नाही. तसेच एक पृष्ठ आणि एक कड अशी जोडीने विसरली तरी सूत्र काही बोलत नाही. म्हणून सूत्र पहारेकरी म्हणून ठेवावे. मोजणी मात्र बाजूंची बेरीज करून निम्म्याच्या रीतीनेच करावी, आणि मग पहारेकऱ्यासमोरून न्यावी.

पालकांसाठी एक उदाहरण खास राखून ठेवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा घरी आला की त्याच्याकडून विकतचा नव्हे, कामट्यांचा आकाशकंदील करून घ्या. अनेक प्रकार आहेत. मी सांगतो त्यात सहा चौकोन आणि आठ त्रिकोण असतात. एक चौकोन वर, एक खाली, चार कमरेभोवती कोपऱ्यावर उभे, आणि मधल्या जागांत वर चार व खाली चार त्रिकोण. सगळ्या कामट्या सारख्या लांबीच्या. प्रश्न असा : कामट्या किती कापायच्या? सहा चौकोनांना चोवीस आणि आठ त्रिकोणांना चोवीस म्हणून अठ्ठेचाळीस कापणारा मुलगा दुप्पट बांबू वाया घालवील. अठ्ठेचाळीसचे निम्मे चोवीस. याच कंदिलात दुसरा मार्गही आहे. यात चौकोनाला चौकोन कुठेच लागत नाही. प्रत्येक कामटीच्या एका अंगाला चौकोन आणि दुसऱ्या अंगाला त्रिकोण. म्हणजे नुसत्या चौकोनांच्या बाजू मोजल्या तरी सगळ्या कामट्या एकेकदा मोजून होतात : सहा चोक चोवीस. नुसते त्रिकोण मोजा : आठ त्रिक चोवीस. तीन वाटांनी एकच गाव आले.

दोऱ्याने बांधायचे सांधे किती? प्रत्येक सांध्यापाशी दोन चौकोन आणि दोन त्रिकोण, म्हणजे चार कोपरे. अठ्ठेचाळीस भागिले चार, बारा. पहारेकरी : १२ + १४ = २६, आणि २४ + २ = २६. कामटी वीस सेंटिमीटरची घेतली तर मीटरभराच्या एका कामटीत पाच तुकडे. पाच कामट्या आणल्या की पंचवीस तुकडे होतात, एक मोडण्यासाठी शिल्लक. वरचा चौकोन दिव्यासाठी उघडा सोडायचा, म्हणून कागदाचे तुकडे चौदा नव्हे, तेरा. पण मोजताना ते उघडे तोंडही पृष्ठच, राहुटीच्या जमिनीसारखे. झिरमिळ्या किती लावायच्या ते आईला विचारा, त्याला सूत्र नाही.

आता जरा अवघड भाग. परेड ग्राउंडवरचा ध्वजस्तंभाचा चौथरा आठवा. स्तंभ तूर्त विसरा. एक मोठा चौकोनी ठोकळा आणि त्याच्यावर मधोमध ठेवलेला दुसरा लहान ठोकळा, सिमेंटने एकजीव झालेले. पृष्ठे मोजू : तळ १, खालच्या पायरीच्या बाजू ४, पायरीचा माथा १, वरच्या ठोकळ्याच्या बाजू ४, सर्वांत वरचा माथा १. एकूण ११. शिरोबिंदू खालच्याचे ८, वरच्याचे ८, एकूण १६. कडा बारा आणि बारा, २४. आता पहारेकऱ्याकडे जा : १६ + ११ = २७, पण २४ + २ = २६. अडवले!

हे उदाहरण फळ्यावर आले की मुले पुन्हा पुन्हा मोजतात. मोजणीत चूक नाही. बाजूंची बेरीज घेऊन पाहा : तळाच्या ४, खालच्या बाजूंच्या १६, पायरीच्या माथ्याच्या बाहेरून ४ आणि आतून ४, वरच्या बाजूंच्या १६, वरच्या माथ्याच्या ४. एकूण ४८, निम्मे २४. निम्म्याची रीत इथेही निमूटपणे बरोबर उत्तर देते. बिघडले आहे ते पायरीच्या माथ्याचे पृष्ठ. ते चौकटीसारखे आहे, त्याच्या मध्ये भोक आहे, आणि त्याला एक नव्हे, दोन सुटे काठ आहेत. ऑयलरच्या सूत्राची अट अशी की प्रत्येक पृष्ठाला एकच सलग काठ असावा.

उपाय सोपा आहे. खडू घ्या आणि पायरीच्या माथ्यावर आतल्या एका कोपऱ्यापासून बाहेरच्या जवळच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढा. ही नवी कड धरा. पृष्ठ अजून एकच आहे, कारण रेघेला वळसा घालून एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे जाता येते. पण त्याचा काठ आता सलग झाला. कडा २५. १६ + ११ = २७ = २५ + २. पहारेकरी बाजूला होतो.

याहून फसवी वस्तू आहे ती जाड लाकडी चौकट. जाड चौरस फळी घ्या आणि तिच्या मधोमध आरपार चौकोनी भोक पाडा. पृष्ठे : बाहेरच्या बाजू ४, भोकाच्या आतल्या बाजू ४, पुढचे १, मागचे १, एकूण १०. शिरोबिंदू १६. कडा २४. १६ + १० = २६ = २४ + २. सूत्र जुळले! पण हा आकार तर आरपार भोकाचा, इथे सूत्र जुळायलाच नको होते. काय झाले ते पाहा. पुढचे आणि मागचे, दोन्ही पृष्ठे चौथऱ्याच्या पायरीसारखी भोकाची आहेत. दोहोंवर खडूने एकेक रेघ ओढा. कडा २६ झाल्या. १६ + १० = २६, आणि क + २ आता २८. दोनने कमी पडले. आरपार भोकाने बेरीज दोनने खाली ओढली होती आणि दोन भोकाच्या पृष्ठांनी ती दोनने वर नेली होती. दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकत होत्या. रेघा ओढल्यावर खरे काय ते उघडे पडले. असे अपवाद नीट मांडून दाखवण्याचे काम जिनिव्हाच्या सिमों ल्युइलिये याने १८१३ साली केले, म्हणजे ऑयलरच्या पत्रानंतर त्रेसष्ट वर्षांनी.

मेसमधल्या लांब टेबलावर पडलेला षटकोनी नट घेऊन हाच खेळ करून पाहा. भोक गोल असते, ते तात्पुरते सहा बाजूंचे धरा. रेघा ओढण्यापूर्वी सूत्र जुळेल आणि ओढल्यावर दोनने कमी पडेल. आकडे तुम्ही काढा.

सूत्राचा खरा जोर आकार मोजण्यापेक्षा आकार नाकारण्यात दिसतो. सात कडांचे बहुफलक बनवता येईल का? सहा कडांचे आहे : चार त्रिकोणांची सूची. आठ कडांचे आहे : चौकोनी तळाची सूची, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडचा आकार. नऊ कडांची आपली राहुटी. मधले सात? पृष्ठाला कमीत कमी तीन बाजू, आणि बाजूंची बेरीज म्हणजे कडांची दुप्पट, १४. चौदा बाजूंत जास्तीत जास्त चार पृष्ठे मावतात, कारण पाच पृष्ठांना पंधरा लागतील. शिरोबिंदूचेही तसेच. प्रत्येक शिरोबिंदूपाशी कमीत कमी तीन कडा, आणि प्रत्येक कडेला दोन टोके, म्हणजे टोके १४. शिरोबिंदू जास्तीत जास्त चार. चार आणि चार आठ. पण सूत्र सांगते की बेरीज ७ + २, म्हणजे नऊ हवी. मिळणार नाही. जगातल्या कोणत्याही सुताराला, कितीही हुशार असला तरी, सात कडांचा असा ठोकळा करता येणार नाही, आणि हे आपण चार ओळींत सिद्ध केले.

शेवटी फुटबॉल. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकापासून काळ्या पंचकोनांचा आणि पांढऱ्या षटकोनांचा चेंडू सर्वांच्या डोळ्यांत बसला आहे. हवा भरल्यावर तो गोल होतो, म्हणून त्याची पृष्ठे सपाट आहेत असे क्षणभर समजू. पंचकोन १२, षटकोन २०, पृष्ठे ३२. बाजूंची बेरीज ६० + १२०, म्हणजे १८०, शिवणी ९०. प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन तुकडे, म्हणून शिरोबिंदू ६०. पहारेकरी : ६० + ३२ = ९२ = ९० + २. कार्बनचे साठ अणू नेमके याच साठ कोपऱ्यांवर बसलेला रेणू १९८५ साली सापडला आणि त्याबद्दल १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले.

पण पंचकोन बाराच का? नुसत्या षटकोनांचा चेंडू का शिवत नाहीत? समजा पंचकोन प आहेत आणि षटकोन ष, आणि प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीनच तुकडे येतात. बाजूंची बेरीज ५प + ६ष, ती म्हणजे २क. तीच बेरीज तीन-तीन कोपऱ्यांचे गट करून पाहिली तर ३शि. म्हणून ३शि = २क, आणि ६शि = ४क. आता ऑयलरच्या सूत्राला सहाने गुणा : ६शि + ६पृ = ६क + १२. ६शि च्या जागी ४क ठेवा : ६पृ = २क + १२. पृ म्हणजे प + ष, आणि २क म्हणजे ५प + ६ष. म्हणून ६प + ६ष = ५प + ६ष + १२. दोन्ही बाजूंचे ६ष उडाले, आणि उरले

प = १२

षटकोन किती, हे समीकरणातून नाहीसेच झाले. ते शून्य असोत, वीस असोत की पाचशे, पंचकोन बाराच लागणार. षटकोन शून्य ठेवले तर बारा पंचकोनांचा ठोकळा मिळतो, त्याला कडा ३० आणि शिरोबिंदू २०. नुसते षटकोन घेतले तर ० = १२ असे म्हणावे लागेल, म्हणून तसा चेंडू कधीच बंद होणार नाही. चित्रकलेच्या तासाला फुटबॉल काढताना तो सर्रास सगळा षटकोनांनी भरलेला दिसतो. भिंतींवरच्या रंगवलेल्या जाहिरातींतही. पुढच्या रविवारी स्पोर्ट्स स्टोअरमधून जुन्या पद्धतीचा एक चेंडू मागून घ्या. एका पंचकोनावर खडूने खूण करा, आणि बाकीचे अकरा शोधा.